चारशे तीस अर्थांचा डौल

इंग्रजी भाषेच्या थोरवीचा एक पुरावा आपल्याकडे बऱ्याच दिवसांपासून हातोहाती फिरतो आहे. 'सेट' या चिमुकल्या शब्दाला म्हणे चारशे तीस अर्थ आहेत! रविवारच्या पुरवणीत ही माहिती चौकटीत छापून येते, स्पर्धापरीक्षांना बसणारी मुले ती सामान्यज्ञान म्हणून पाठ करतात, आणि हल्ली तर सकाळच्या गुलाबफुलांबरोबर ती मोबाइलवरही येऊन पडते. सांगणाऱ्याचा आवाज असा, की त्या इस्टेटीत त्याचाही चार आणे हिस्सा असावा. एवढ्यावर तो थांबला तर काही बिघडत नाही. परंतु तो थांबत नाही. पुढचे वाक्य ठरलेले असते : "नाहीतर आपली मराठी बघा! एका शब्दाला एक अर्थ, आणि तोही वेळेला सापडत नाही."

माझे भांडण या दुसऱ्या वाक्याशी आहे. पण ते वाक्य पहिल्याच्या खांद्यावर बसून आलेले असल्यामुळे पहिल्याची झडती आधी घेणे भाग आहे.

ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली वीस खंडांत निघाली. तीत सर्वांत लांब नोंद होती ती 'सेट' या क्रियापदाची. सुमारे साठ हजार शब्दांची नोंद. म्हणजे एका शब्दावर बेताची कादंबरीच लिहिली म्हणा ना. नुसत्या क्रियापदाचे अर्थ चारशे तीस. त्याला 'अप', 'ऑफ', 'आउट' अशी शेपटे जोडून होणारे वाक्प्रचार धरले तर आकडा पाचशे ऐंशीच्या घरात जातो. मोजणी कोठे थांबवावयाची एवढ्यावरच दीडशे अर्थांचा फरक! आणखी मौज अशी, की हा आकडा ऐकविणारे गृहस्थ उदाहरण म्हणून हटकून टी-सेट आणि दागिन्यांचा सेट पुढे करतात. ते दोन्ही त्या चारशे तिसांत नाहीतच. ती नामे, त्यांची नोंद निराळी आणि कुळीही निराळी. समूह या अर्थाचा 'सेट' जुन्या फ्रेंचमधून आला, आणि त्याचे मूळ लॅटिनमधल्या 'सेक्ता' या शब्दात सापडते. पंथ या अर्थाचा इंग्रजी 'सेक्ट' हा त्याचा भाऊबंद. पुढे एका घरात नांदता नांदता क्रियापदाची छाया त्याच्यावर पडली, ही गोष्ट वेगळी. तेव्हा आपल्या कपाटातला सहा कपबशांचा सेट हा मुळात एक पंथ आहे, आणि एक कप फुटला की त्या पंथाचे काय होते हे कोणत्याही गृहिणीला ठाऊक आहे.

क्रियापदाची हकिकत अधिक जवळची वाटावी अशी आहे. 'सिट' म्हणजे बसणे, आणि 'सेट' हे त्याचे प्रयोजक रूप, बसविणे. संस्कृतातला 'सद्' धातू याच गोत्रातला. सदन, परिषद, संसद हे शब्द त्याच्यापासून निघाले. आपले 'बसणे' मात्र त्या कुळातले नाही. ते 'उपविश्'पासून 'बैसणे' होत होत आपल्यापर्यंत आले. गोत्र निराळे, पण युक्ती तीच : बसणे आणि बसविणे. याचा उपयोग पुढे होणार आहे, म्हणून वाचकांनी हे ध्यानात ठेवावे.

आता दुसरा शब्द : 'रन'. 'सेट'शी याचे काहीही नाते नाही, ना जन्माचे ना अर्थाचे. एक बसविणारा, दुसरा धावणारा. पण विक्रमाच्या फळीवर या दुसऱ्याने पहिल्याला मागे टाकले आहे, आणि चारशे तीसचा जप करणाऱ्यांपैकी पुष्कळांना याची वार्ताही नाही. ऑक्सफर्डचे संपादक आपल्या कोशातील नोंदी पुन्हा तपासू लागले तेव्हा 'सेट'चे सिंहासन आधी २००० साली 'मेक'ने घेतले, २००७ साली 'पुट'ने 'मेक'ला उठविले, आणि २०११ साली 'रन' आला तो क्रियापदाचेच सहाशे पंचेचाळीस अर्थ घेऊन. पीटर गिलिव्हर या संपादकाने त्या एका शब्दावर नऊ महिने घालविले. 'सेट'ची नोंद तोवर तपासणीसाठी टेबलावर आलेली नव्हती. म्हणजे एकाचे वजन नव्या तराजूत आणि दुसऱ्याचे जुन्या, अशी ही स्पर्धा!

मधल्या काळात इंग्रज माणूस काही जास्त अर्थांनी बोलू लागला नव्हता. थोडी यंत्रे आली, संगणकावर प्रोग्रॅम 'रन' होऊ लागला, हे खरे. पण आकडा फुगला तो मुख्यतः संपादकाची नजर बारीक झाल्यामुळे. नदी 'रन' होते आणि नाक 'रन' होते हा एक अर्थ की दोन? घोडा शर्यतीत पळतो आणि मालक त्याला शर्यतीत पळवितो, हे दोन की एक? ज्याला जसे दिसेल तसे तो मोजील. खोबऱ्याच्या वड्या लहान कापल्या तर शंभर भरतात, मोठ्या कापल्या तर साठ. ताटात थापलेला गोळा तेवढाच असतो. शंभर वड्या झाल्या म्हणून नारळ जास्त खोवले गेले असे कोणी म्हणू लागला तर आपण त्याला स्वयंपाकघरातून बाहेर काढू. भाषेच्या बाबतीत मात्र त्याला व्यासपीठावर बसवितो.

बरे, क्षणभर आकडा खरा मानू. त्यावरून श्रीमंती कशी सिद्ध होते? चारशे तीस कामांना एकच गडी राबविणाऱ्या घराला आपण श्रीमंत म्हणतो काय? वकिली बाण्याने बोलावयाचे तर मी उलट म्हणेन, की सूर्य बुडण्याला, दही विरजण्याला, मोडलेले हाड जुळविण्याला आणि परीक्षेचा पेपर काढण्याला ज्यांच्यापाशी एकच शब्द आहे, ते बिचारे शब्दांच्या टंचाईत दिवस काढीत आहेत. हा युक्तिवाद तितकाच खोटा आहे हे मलाही कळते. पण पहिला जर सभेत टाळ्या घेतो, तर दुसऱ्याला निदान हशा तरी मिळावा.

खरी गोष्ट अशी आहे, की कोणत्याही भाषेत सर्वांत जास्त अर्थ असतात ते सर्वांत गरीब शब्दांना. ठेवणे, घेणे, देणे, पडणे, येणे, जाणे हे भाषेतले हमाल आहेत. विद्वान शब्दाला सहसा एकच अर्थ असतो. 'प्रकाशसंश्लेषण' आयुष्यभर एकच काम करते आणि तेही पानात बसून. रोजच्या तोंडातला शब्द मात्र ज्याच्या त्याच्या हाताला लागतो, झिजतो, वाकतो, आणि दर पिढीला त्याच्या पाठीवर एक नवे ओझे चढते. हे इंग्रजीत झाले तसे मराठीतही झाले आहे. ते आपल्याला दिसत नाही, कारण आपण मराठीत बुडालेले आहो. आणि इंग्रजी आपण वहीत अर्थ लिहून शिकलो, म्हणून तिचे दिसते.

दिवाळीच आहे, तेव्हा स्वयंपाकघरातूनच सुरुवात करू. इंग्रजीत दही, जेली, सिमेंट सारे 'सेट' होते. आपल्याकडे दही लागते, तूप थिजते, खीर आळते, रक्त साकळते, पाणी गोठते, आणि पाक नीट साधला तर वडी पडते. एकेका शब्दात त्या त्या पदार्थाचा स्वभाव आहे. थिजलेले तूप उन्हात ठेवले की पुन्हा पातळ होते. लागलेले दही पुन्हा दूध होत नाही. हा फरक आजीने आपल्याला कधी शिकविला नाही, क्रियापदाने शिकविला. बाहेर ओसरीवर आलो तर सूर्य मावळतो, घड्याळाला गजर लावतात, पाने मांडतात, कवितेला चाल लावतात, उंदराला सापळा लावतात, पायंडा पाडतात, तारीख ठरवितात, प्रश्नपत्रिका काढतात, उदाहरण घालून देतात, गलबताची शिडे उभारतात. इंग्रजीत या सर्व ठिकाणी 'सेट' चालतो.

परंतु सगळेच काही वेगळे नाही, आणि वर बसणे-बसविण्याबद्दल जे म्हटले ते येथे उपयोगी पडते. निखळलेले हाड इंग्रज 'सेट' करतो, आपला हाडवैद्य ते बसवितो. अंगठीत खडा तिकडे 'सेट' होतो, इकडे सोनार तो कोंदणात बसवितो. खुडूक कोंबडी तिकडे अंड्यांवर 'सेट' करतात, इकडेही बसवितात. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता, हजारो कोसांच्या अंतरावर, एकाच चित्रातून विचार केला. मला विचाराल तर चारशे तीसच्या आकड्यापेक्षा ही एवढीशी कोंबडी जास्त नवलाची आहे. शब्दांचे अर्थ उगाच वाढत नाहीत. माणूस हातांनी, डोळ्यांनी, शेजारच्या गोष्टीवरून पुढच्या गोष्टीकडे जातो आणि शब्द त्याच्या मागोमाग जातो.

एका शब्दाला एकच अर्थ असे मराठीवर ज्याचे म्हणणे आहे, त्याला मी एकच क्रियापद देतो : लागणे. एखाद्या घरातली एका सकाळची हकिकत ऐका. भूक लागली म्हणून भात लावला; जरा डोळा लागला तोच भात खाली लागला; उठायला गेले तो उंबऱ्याची ठेच लागली; शेजारीण म्हणाली, कुणाची तरी दृष्ट लागली; सासूबाई जे बोलल्या ते मनाला लागले; आता बाजारात जावे लागणार, वेळ लागणार, पैसे लागणार, ऊन लागणार; वाटेत नदी लागते, तिथवर बस लागते ती वेगळीच; धाकट्याचा निकाल लागायचा आहे, थोरलीला नोकरी लागली आहे, परसातल्या झाडाला पेरू लागले आहेत, विहिरीला पाणी लागले आहे आणि पाहुण्यांना तेच पाणी लागले आहे; गवयाचा सूर लागत नाही, नाटक मात्र कालच लागले; आणि हे सारे सांगून होईतो जो रडू लागला, तो आमचा कोण लागतो हेही सांगावे लागते. यात 'लाग' किती वेळा आला आणि त्यांत निराळे अर्थ किती, हे मुलांना मोजावयास सांगा. दोन मुलांची उत्तरे एक येणार नाहीत, आणि ऑक्सफर्डच्या संपादकांपुढची अडचण काय आहे ते त्यांना खोलीत बसल्या बसल्या कळेल.

विशेष म्हणजे 'जावे लागणे' यात सक्ती आहे आणि 'रडू लागणे' यात आरंभ आहे. एकच शब्द केवळ आपली जागा बदलून व्याकरणाचे काम करू लागतो. मोल्सवर्थसाहेबाने १८३१ साली आपला मराठी-इंग्रजी कोश काढला, १८५७ साली त्याची दुसरी आवृत्ती निघाली. तीत हे क्रियापद उघडून पाहा. परकी माणूस होता, म्हणून त्याला ते दिसले. पुढे दाते, कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३२ ते १९३८ या काळात 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात खंड सिद्ध केले. त्यांच्या कष्टांना तोड नाही. जुन्या मराठीचा कोश तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांनी १९९९ साली दिला. पण ज्ञानेश्वरांपासून आजच्या मोबाइलपर्यंत प्रत्येक अर्थच्छटा सालवार पुराव्यानिशी मांडणारा, आणि ऑक्सफर्डसारखा सतत दुरुस्त होत राहणारा मराठी कोश झालेला नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात तसे काम १९४८ साली सुरू झाले ते संस्कृतसाठी. तेव्हा इंग्रजीचे चारशे तीस आणि आपले शून्य, या हिशेबात कमी पडला आहे तो मोजणारा. शब्द कमी पडलेले नाहीत. ज्यांना इंग्रजीचा आकडा तोंडपाठ आहे, त्यांनी मराठी शब्दकोशाचा एखादा खंड विकत घेतला आहे काय, असा एक उद्धट प्रश्न मला नेहमी विचारावासा वाटतो.

'रन'ची तऱ्हा आणखी गमतीची. इंग्रजांचे यंत्र, दुकान, बस, घर, नाटक सारे 'रन' होते, आपले चालते. गिरणी चालते, दुकान चालते, संसार चालतो, नाणे चालते, जीभ चालते, परीक्षेच्या वेळी डोके चालत नाही. या फरकावरून एक सिद्धांतही निघालेला आहे. तो मी दोन-तीन व्याख्यानांतून ऐकला : इंग्रज धावणारा म्हणून त्याने जग जिंकले, मराठी माणूस चालणारा म्हणून मागे राहिला. टाळ्याही पडल्या. आता फ्रेंचांकडे पाहा. त्यांचेही यंत्र चालतेच. पायी चालण्याचेच क्रियापद ते यंत्रालाही लावतात. जर्मनांचे यंत्र धावते. फ्रान्स मागासलेला देश आहे असे ते व्याख्याते म्हणणार आहेत काय? आणि निवडणूक घ्या. अमेरिकेत उमेदवार पदासाठी धावतो. इंग्लंडात तो उभा राहतो. महाराष्ट्रातही उभाच राहतो. यावरून अमेरिकेचा उमेदवार चपळ आणि आपला सुस्त असे अनुमान काढता येईल. पण उभा राहिलेला आपला उमेदवार निवडून आल्यावर किती वेगाने पळतो हे पाहिलेल्यांना ते पटणार नाही. क्रियापदावरून राष्ट्राचे चारित्र्य ठरविण्याचा हा धंदा हात पाहून भविष्य सांगण्याइतकाच शास्त्रीय आहे.

इथवर हा केवळ गप्पांचा विषय वाटेल. पण याच समजुतीतून दोन खरीखुरी नुकसाने होत आहेत, आणि त्यांसाठी मी लेखणी उचलली आहे.

पहिले शाळेतले. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आले. पहिलीपासून आले हे चांगले की वाईट याची चर्चा पुष्कळ झाली. ते आले कसे याची फार कमी झाली. पुष्कळ ठिकाणी ते दोन रकान्यांच्या वहीतून आले. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. 'रन' म्हणजे धावणे. 'सेट' म्हणजे ठेवणे. दहा शब्द रोज, पाठ करून या. मुलगा इमानदारीने पाठ करतो. मग एके दिवशी धड्यात एका मुलीचे नाक 'रन' होत असते, आणि हा बिचारा लिहितो, तिचे नाक धावत आहे. वर्ग हसतो. ज्याच्या घरी इंग्रजी बोलणारे कोणी आहे तो घरी जाऊन विचारतो. ज्याच्या घरी कोणी नाही तो एवढेच शिकतो, की इंग्रजी आपल्यासाठी नाही. त्याच्या मास्तरांनी त्याला एकदा जरी विचारले असते, की बाळ, आपले नाक वाहते, नदीही वाहते, आणि बैल ओझेही वाहतो, मग हे सारे एकच का रे? तर 'रन'चे कुलूप त्याच्याच खिशातल्या किल्लीने उघडले असते. शब्दाचा अर्थ त्याच्या सोबत्यांवरून ठरतो, ही गोष्ट प्रत्येक मराठी मूल तीन वर्षांचे होण्याआधी शिकून बसलेले असते. आईने 'पंखा लाव' म्हटले तर ते पंख्याला तेल लावीत नाही. एवढे शहाणपण शाळेच्या दाराशी काढून ठेवावयाचे आणि आत चारशे तीस अर्थांच्या भीतीने थरथरत बसावयाचे, याला शिक्षण म्हणत असतील तर म्हणोत.

समईची वात आणि गुडघ्यातला वात यांत गोंधळ होणारे मूल मी पाहिलेले नाही. हे तर दोन मुळांचे दोन शब्द. एक 'वर्ति'पासून आलेला, दुसरा संस्कृतातून जसाच्या तसा. तरी 'वात' ऐकून कोणी आजीचा गुडघा पेटवायला जात नाही.

दुसरे नुकसान घरातले आहे आणि ते अधिक गोड दिसते. यूट्यूबवरची कोणतीही पाककृती लावून पाहा. सांगणारी बाई गोड मराठीत सांगते, "आता हे मिश्रण ट्रेमध्ये सेट करायला ठेवूया." बर्फी सेट होते, दही सेट होते, खरवस सेट होतो. मग अलार्म सेट होतो, टेबल सेट होते, केस सेट होतात, मीटिंग सेट होते, आणि शेवटी मुलगा परदेशात सेट होतो. थिजणे, आळणे, लागणे, मांडणे, बसविणे, ठरविणे, स्थिरावणे, एवढ्या जणी रांगेने घराबाहेर पडल्या आणि त्यांच्या जागी एकटी 'सेट करणे' येऊन बसली. 'रन करणे'ही मागोमाग येत आहेच. हॉटेल रन करतात, संस्था रन करतात. ज्या भाषेला अर्थ कमी म्हणून हिणविले, तिच्यातले अर्थ आपणच असे एकेक काढून टाकीत आहो, आणि ज्या शब्दाच्या चारशे तीस अर्थांचे कौतुक केले, त्याला आपल्या घरात आणून एकाच अर्थाचा, म्हणजे 'काहीतरी नीट करून ठेवणे' एवढ्याच अर्थाचा, सपाट दगड करून टाकले आहे. इंग्रजाला हे कळले तर त्यालाही वाईट वाटेल.

मी परक्या शब्दांचा वैरी नाही. टेबल, कप, बस, स्टेशन यांनी मराठीचे काही वाकडे केलेले नाही. वस्तू आली, तिचे नाव आले, आपण त्याला अनेकवचन दिले, विभक्ती लावली, शब्द आपला झाला. नामे पाहुण्यासारखी येतात आणि घरात सामावतात. क्रियापदाचे तसे नाही. इंग्रजी शब्दाला 'करणे' किंवा 'होणे' जोडून जे क्रियापद होते ते जेथे जाते तेथली जागा रिकामी करून घेते. 'टेबल' आल्यामुळे पाट हद्दपार झाला असे म्हणणाऱ्याला मी सांगेन, की पाट पाठ धरल्यामुळे गेला. 'विरजण लावणे' मात्र अजून रोज रात्री घरोघर घडते आणि तरी तो शब्द जाऊ पाहतो आहे.

यावर भाषा बदलतेच, लोक बोलतील ते खरे, असे म्हणणारे सुधारक मित्र आहेत. त्यांचे म्हणणे मी अर्धे मान्य करतो, आणि त्यांना पुरावाही देतो. 'सेटिंग' हा शब्द घ्या. "त्याची वरपर्यंत सेटिंग आहे" या वाक्यात जो अर्थ आहे, वशिला, संगनमत, आतल्या आत ठरलेले, तो 'सेटिंग' इंग्लंडात कोणाला कळणार नाही. तो येथल्या मातीत, येथल्या कचेऱ्यांच्या व्हरांड्यात जन्माला आला. असला बदल मला मान्य आहे, त्या व्यवहाराचे दुःख असले तरी शब्दाचे कौतुक आहे. कारण येथे भाषेत एक अर्थ वाढला. 'दही सेट झाले' येथे काय वाढले? सुधारक मित्रांनी बदल आणि भर यांतला फरक पाहावा, एवढेच मागणे आहे. सगळेच बदल नदीसारखे नसतात. काही घर रिकामे होण्यासारखे असतात.

दुसऱ्या बाजूला शुद्धिवाले मित्र आहेत, आणि त्यांच्याशीही माझे जमत नाही. त्यांना 'सेट'ला एक आणि एकच बावनकशी प्रतिशब्द हवा असतो. 'प्रस्थापित करणे' हा त्यांचा लाडका. विक्रम प्रस्थापित होतो, उदाहरण प्रस्थापित होते, वेळ प्रस्थापित होते. 'रन'साठी 'संचालित करणे'. राज्य स्थापन झाल्यावर १९६० साली भाषा संचालनालय निघाले आणि १९६२ साली 'पदनाम कोश' आला. तेव्हा त्याची थट्टा पुष्कळ झाली. ती अन्यायाची होती असे माझे मत आहे. पदनामाला एकास एक प्रतिशब्द लागतोच. एकच अधिकारी तीन कागदांवर तीन नावांनी वावरू लागला तर पगार कोणाचा काढावयाचा? 'अभियंता', 'संचालक' हे शब्द आज कोणालाही टोचत नाहीत. पण पदनामाचा नियम क्रियापदाला लावणे म्हणजे घरातल्या माणसांना कचेरीतले बिल्ले लावण्यासारखे आहे. क्रियापदाला एकच प्रतिशब्द शोधणारा शुद्धिवाला आणि दोन रकान्यांची वही लिहवून घेणारा मास्तर यांचा रोग एकच. दोघांनाही वाटते, की शब्द हे खोके आहे आणि त्यात एक अर्थ ठेवलेला आहे.

प्रतिशब्द केव्हा चांगला जमतो ते क्रिकेटने दाखविले आहे. 'रन'ला 'धाव' म्हटले, 'रन आउट'ला धावबाद. आणि बाळ ज. पंडितांसारख्यांनी मराठीतून धावते समालोचन केले तेव्हा ते घराघरांत जाऊन बसले. वास्तविक चेंडू सीमेपार गेला की फलंदाज जागचा हलत नाही, तरी आपण 'चार धावा' म्हणतो आणि कोणालाही खटकत नाही. 'धावते समालोचन' तर इंग्रजी वाक्प्रचाराची सरळ नक्कलच. पण आकाशवाणीवर ज्याने ते ऐकले त्याला त्यातले धावणे कानांनी ऐकू आले, म्हणून तो शब्द जगला. याउलट त्याच न्यायाने 'दुकान धावते' असे कोणी म्हटले नाही, कारण दुकान चालण्याची सोय मराठीत आधीच होती. लोकांनी एके ठिकाणी घेतले, दुसरीकडे नाकारले. हा विवेक त्यांना कोणत्याही समितीने शिकविलेला नव्हता.

तेव्हा पुन्हा कोणी फराळाच्या ताटापुढे बसून 'सेट'च्या चारशे तीस अर्थांचे पारायण सुरू केले, तर वाद घालत बसू नये. त्याला चकली वाढावी, आणि 'चालणे' या आपल्या पायी हिंडणाऱ्या क्रियापदाचे एकच रूप इंग्रजीत करून मागावे : "चालेल." जेवायला थांबता का? चालेल. चहा बिनसाखरेचा आहे. चालेल. मुलगी पुण्याची आहे, पगार बेताचा आहे. चालेल. यांतल्या पहिल्या 'चालेल'मध्ये आनंद आहे, दुसऱ्यात भिडस्तपणा आहे, आणि तिसऱ्यात काय आहे ते सांगणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिल्याशिवाय ठरविता येत नाही. तिन्ही ठिकाणी चालेल असा एकच इंग्रजी शब्द तो देऊ शकला, तर त्याला आणखी एक चकली वाढावी. नाही देऊ शकला, तरीही वाढावी.